निर्बंधांखालील संपन्न देश आणि लांबलेले युद्ध

या वर्षीच्या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक शाळेने मला दिली, तेव्हा माजी विद्यार्थ्यांकडून गेली काही वर्षे वारंवार कानी आलेला एक प्रश्नच घ्यावा असे मी ठरविले. जगातील बलाढ्य राष्ट्रांनी एखाद्या देशाशी व्यापार तोडला, त्याचा परदेशांतील पैसा गोठविला, त्याला शस्त्रे, यंत्रे आणि कर्ज नाकारले. पण त्या देशाच्या भूमीत तेल, धातू, सोने, कोळसा, धान्य यांची समृद्धी आहे. असा देश वर्षानुवर्षे युद्ध चालवू शकेल काय? रशियाने २०२२ साली युक्रेनवर आक्रमण केल्यापासून या प्रश्नाची दोन उत्तरे वर्तमानपत्रांतून आलटूनपालटून वाचावयास मिळाली. रशिया आता सहा महिन्यांत कोलमडणार, हे एक. आणि निर्बंधांचा त्याच्यावर काडीचाही परिणाम झालेला नाही, हे दुसरे. ही उत्तरे देणाऱ्यांना जुनी उदाहरणे उघडून पाहण्याची निकड भासली नसावी. मी उलट बाजूने जाणार आहे. जी युद्धे संपली आहेत त्यांचा हिशेब आधी पाहू आणि मग रशियाकडे वळू.

प्रथम एक साधी गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. युद्धाला माणसे लागतात, युद्धसाहित्य लागते आणि पैसा लागतो. खनिजसंपत्ती यांपैकी काहीच थेट देत नाही. जमिनीतील क्रोमचा किंवा लोखंडाचा दगड तोफेत भरता येत नाही. तो खणावा लागतो, बंदरापर्यंत न्यावा लागतो, विकावा लागतो. विक्रीचे पैसे हाती यावे लागतात आणि त्या पैशांतून हवी ती वस्तू देणारा कोणीतरी भेटावा लागतो. या साखळीतील प्रत्येक कडीपाशी कोणी परका माणूस उभा असतो. निर्बंध घालणारा त्या परक्या माणसाला धाक घालतो. म्हणून ‘देश संपन्न आहे’ एवढे म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. संपत्ती कोणत्या वाटेने बाहेर जाते आणि तिच्या मोबदल्यात काय आत येते, हे पाहावे लागते. तेल आणि धान्य एवढेच काय ते थोडे निराळे. ते देशात थेट वापरता येते.

गोमंतकीय वाचकांना याचे एक उदाहरण घरचेच आहे. पोर्तुगीज राजवट हटावी म्हणून भारत सरकारने १९५५ साली गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे बंद झाली, सरहद्द बंद झाली, मुंबईतील गोवेकरांना घरी पैसे पाठविणे अवघड झाले. राजवट काही काळातच जेरीस येईल, असा दिल्लीतील अनेकांचा कयास होता. घडले ते उलटेच. याच वर्षांत गोव्यातील लोह व मँगनीजच्या खाणी भरभराटीस आल्या. मांडवी आणि झुवारीतून बार्जेस भरभरून मुरगावला जाऊ लागल्या आणि तेथून खनिज जपान व पश्चिम जर्मनीला. त्या पैशातून हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानातील तांदूळ व भाजीपाला, सिलोनचा चहा, जपानी सिमेंट असा माल आला. दाबोळीला विमानतळ झाला आणि गोव्याची स्वतंत्र विमानसेवाही सुरू झाली. नाकेबंदीची झळ लागली ती सीमेलगतच्या गरिबांना आणि मुंबईच्या मनीऑर्डरवर चालणाऱ्या घरांना, राजवटीला नव्हे. परंतु डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेना आत शिरली, तेव्हा सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम सोडूनही सुमारे छत्तीस तासांत सारे आटोपले. गव्हर्नर व्हासालो ई सिल्वा यांच्यापाशी लढाऊ विमाने नव्हती, पुरेसे सैन्य नव्हते, मदत येण्याची शक्यता नव्हती. खाणींच्या उत्पन्नाने सहा वर्षे बाजारपेठ भरलेली ठेवली. लष्कर उभे करणे हे त्याहून वेगळे काम होते, आणि ते लिस्बनच्या आवाक्याबाहेरचे होते.

हे उदाहरण लांबलेल्या युद्धाचे नाही, हे मला मान्य आहे. तसे उदाहरण हवे असेल तर पोर्तुगीजांच्याच शेजारी जावे लागेल: आफ्रिकेतील ऱ्होडेशियात. आज तो देश झिंबाब्वे या नावाने ओळखला जातो. आमच्या प्रश्नाचे इतके पूर्ण, आरंभापासून अंतापर्यंत पाहता येणारे उदाहरण मला दुसरे आढळलेले नाही. म्हणून येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

ऱ्होडेशिया ही ब्रिटिशांची स्वशासित वसाहत होती. पावणेतीन लाखांहून कमी गोऱ्या लोकांच्या हाती सत्ता आणि उत्तम जमीन, आणि लक्षावधी कृष्णवर्णीय प्रजेला जवळजवळ मताधिकार नाही, अशी तेथील व्यवस्था होती. बहुसंख्याकांना सत्ता देण्याची ब्रिटनची अट टाळण्यासाठी पंतप्रधान इयान स्मिथ यांनी ११ नोव्हेंबर १९६५ रोजी एकतर्फी स्वातंत्र्य पुकारले. ब्रिटनने सैन्य धाडले नाही, निर्बंध लादले. जानेवारी १९६६ मध्ये लागोस येथील राष्ट्रकुल परिषदेत पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी सांगून टाकले की हे प्रकरण महिन्यांचे नसून आठवड्यांचे आहे. डिसेंबर १९६६ मध्ये सुरक्षा परिषदेने काही निवडक वस्तूंवर सक्तीचे निर्बंध घातले. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातील असे हे पहिलेच पाऊल. मे १९६८ मध्ये ते सर्वंकष करण्यात आले. कागदावर पाहिले तर जगातील बहुतेक सारे देश एकीकडे आणि समुद्रकिनाराही नसलेला हा चिमुकला देश दुसरीकडे. विल्सनसाहेबांचे आठवडे शेवटी चौदा वर्षे चालले.

ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. ऱ्होडेशियात तेलाचा थेंब नव्हता. मोझांबिकमधील बैरा बंदरातून उमतालीजवळच्या शुद्धीकरण कारखान्यापर्यंत तेलाची नळवाहिनी होती. ब्रिटिश आरमाराने १९६६ पासून १९७५ पर्यंत बैरासमोर गस्त घातली, नळवाहिनी कोरडी पडली, कारखाना बंद झाला. म्हणजे गस्त यशस्वी झाली. पण त्याच मोझांबिकमधील दुसरे बंदर, लोरेन्सो मार्किश, उघडेच होते. आणि दक्षिण आफ्रिका तर उघडपणे स्मिथ यांच्या पाठीशी होती. तेल तेथून आले. ते कोणी पुरविले, हे १९७८ साली बिंगहॅम यांच्या चौकशी अहवालाने जगासमोर मांडले: शेल आणि बीपी या कंपन्यांच्या आफ्रिकेतील शाखांनी. मधल्या काळात एका फ्रेंच कंपनीशी अदलाबदल करून कागदपत्रे स्वच्छ ठेवण्यात आली होती. बीपीच्या भागभांडवलात ब्रिटिश सरकारचा वाटा निम्म्याच्या आसपास होता. एकीकडे बैरासमोर महाराणीच्या युद्धनौका आणि दुसरीकडे सरकारचीच भागीदारी असलेल्या कंपनीचे तेल! यावर भाष्य करण्याचा मोह मी आवरतो.

विक्रीच्या बाजूलाही हेच. ऱ्होडेशियाच्या भूमीत उत्कृष्ट प्रतीचे क्रोम होते, आणि गंजरोधक पोलाद व लढाऊ विमानांची इंजिने क्रोमवाचून बनत नाहीत. निर्बंधांमुळे अमेरिकेला क्रोम सोव्हिएत रशियाकडून चढ्या दराने घ्यावे लागू लागले. शीतयुद्धाच्या ऐन भरात शत्रूकडून युद्धोपयोगी धातू घेणे अमेरिकन संसदेच्या पचनी पडले नाही. सिनेटर हॅरी बर्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती १९७१ साली संमत झाली आणि सुरक्षा परिषदेच्या ठरावाला बाजूला सारून अमेरिका १९७७ पर्यंत ऱ्होडेशियाचे क्रोम उघडपणे घेत राहिली. तंबाखूचे मात्र तसे झाले नाही. तंबाखू दुसरीकडेही पिकते. तिच्यावाचून कोणाचे अडत नाही. ऱ्होडेशियाचे मुख्य निर्यातपीक तंबाखूच होते, आणि तंबाखू उत्पादकांना खरा फटका बसला. सरकारने न विकलेल्या मालाची कोठारे भरली आणि शेतकऱ्यांना मका, कापूस, गहू यांकडे वळविले. संपत्ती संपत्तीत असा फरक आहे. जिला पर्याय नाही ती वस्तू निर्बंध भेदून जाते. जिला पर्याय आहे ती अडून पडते.

पहिली आठ-नऊ वर्षे ऱ्होडेशियाची अर्थव्यवस्था वाढतच होती. बाहेरचा माल येईना म्हणून कपडे, पादत्राणे, खाद्यपदार्थ, अवजारे यांचे कारखाने देशातच निघाले. १९६५ च्या डिसेंबरात सुरू झालेले पेट्रोलचे रेशनिंग १९७१ मध्ये उठविता आले. १९७३ मध्ये तर जगाच्या डोळ्यांत धूळ फेकून तीन बोइंग विमाने आणण्यात आली. सॉल्सबरीत याचा मोठा अभिमान होता. निर्बंधांनी आम्हांला स्वावलंबी केले, असे तेथील पुढारी सांगत. आणि त्यात तथ्य होते. मात्र त्या काळी ऱ्होडेशियाचे युद्ध अजून खऱ्या अर्थाने सुरूच झाले नव्हते.

डिसेंबर १९७२ मध्ये ईशान्येकडील सेंटेनरी भागातील एका शेतावर गनिमी योद्ध्यांनी हल्ला केला आणि युद्धाला वेगळी धार आली. तरीही उत्तरेकडची थोडी सीमा वगळता बाकीच्या सीमा सुरक्षित होत्या. पूर्वेला पोर्तुगीज मोझांबिक होते. २५ एप्रिल १९७४ रोजी लिस्बनमध्ये लष्करी उठाव झाला. आफ्रिकेतील तीन आघाड्यांवरील तेरा वर्षांच्या वसाहतयुद्धाला कंटाळलेल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीच तो केला. पोर्तुगालशी भारताचे राजनैतिक संबंध याच उठावानंतर पुन्हा जुळले, म्हणून आमच्याकडे ही घटना त्या संदर्भात लक्षात राहिली; ऱ्होडेशियाच्या दृष्टीने ती आयुष्याची दोरी कापणारी ठरली. जून १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाले. मार्च १९७६ मध्ये सामोरा माशेल यांनी सीमा बंद केली आणि गनिमांना तळ दिले. सुरक्षा परिषदेचे ठराव जे दहा वर्षांत करू शकले नाहीत ते एका शेजाऱ्याने एका दिवसात केले.

आता ऱ्होडेशियाचे दोनच लोहमार्ग उरले. एक बोत्स्वानातून जाणारा, दुसरा बाईटब्रिजवरून जाणारा. हा दुसरा जोडमार्ग १९७४ साली घाईघाईने अवघ्या तीन महिन्यांत टाकण्यात आला होता. दोन्ही अखेरीस दक्षिण आफ्रिकेतच पोहोचत. म्हणजे दहा वर्षांपूर्वी जगाला न जुमानणाऱ्या देशाच्या गळ्याभोवतीचा हात आता एकाच मित्राचा होता. त्या मित्राची स्वतःची गणिते वेगळी होती. पंतप्रधान फोर्स्टर यांना काळ्या आफ्रिकेशी आणि अमेरिकेशी जुळवून घ्यावयाचे होते. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेने आपले पोलीस ऱ्होडेशियातून परत बोलावले. १९७६ मध्ये हेलिकॉप्टरांचे वैमानिक व तंत्रज्ञ काढून घेतले. मालगाड्या बंदरांत तुंबू लागल्या. सप्टेंबर १९७६ मध्ये प्रिटोरियात किसिंजर आणि फोर्स्टर या दोघांनी समोर बसविल्यावर इयान स्मिथ यांनी बहुसंख्याकांच्या राज्याचे तत्त्व मान्य केले. त्यांच्या क्रोमच्या खाणी त्या दिवशीही चालूच होत्या.

खाणी चालू होत्या, पण माणसे संपत चालली होती. निर्बंधांविषयी बोलताना ही बाजू बहुधा विसरली जाते. लढाऊ तुकड्यांत कृष्णवर्णीय सैनिकांची संख्या मोठी होती. परंतु अधिकारी, वैमानिक, तंत्रज्ञ, कारखान्यांतील कुशल कामगार आणि राखीव दल हे सारे त्या मूठभर गोऱ्या समाजातून येत. कारखान्याचा फोरमन सहा आठवडे आघाडीवर, सहा आठवडे यंत्रापाशी, अशी रचना करावी लागली. वयाची मर्यादा वाढत वाढत पन्नाशीच्या पुढे गेली. लोक मुलाबाळांसह देश सोडू लागले. १९७८ साली महिन्याला सरासरी हजारावर गोरे देशाबाहेर जात होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गनिमांनी सॉल्सबरीतील तेलाचे कोठार पेटविले आणि राजधानीवर काही दिवस काळा धूर पसरून राहिला. तेरा वर्षे चोरवाटांनी थेंब थेंब जमविलेल्या साठ्याचा मोठा भाग त्यात गेला. २१ डिसेंबर १९७९ रोजी लंडनमध्ये लँकेस्टर हाउस करारावर सह्या झाल्या. १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे स्वतंत्र झाले.

निर्बंधांनी हे घडविले काय? माझे उत्तर असे की त्यांनी युद्ध थांबविले नाही, पण दर वर्षी ते महाग केले. ऱ्होडेशियाला प्रत्येक वस्तू स्वस्त विकावी लागे आणि महाग घ्यावी लागे. मधला पैसा दलालांकडे जाई. शांततेच्या काळात, अर्थव्यवस्था वाढत असता, हा भुर्दंड सोसता येतो. युद्ध पेटले, तेल महागले, मुदत संपलेली रेल्वे इंजिने आणि यंत्रे बदलण्याची वेळ आली, आणि त्याच वेळी परदेशी कर्जाचे दार बंद, तेव्हा तोच भुर्दंड जीवघेणा होतो. निर्बंधांचा परिणाम आरंभी शोधणाऱ्यांना तो सापडत नाही, याचे कारण हेच.

इटलीचे उदाहरण येथे ओझरते नोंदवितो. मुसोलिनीने अबिसीनियावर चढाई केल्यावर राष्ट्रसंघाने नोव्हेंबर १९३५ मध्ये निर्बंध घातले, पण त्यातून तेल वगळले आणि सुएझ कालवाही मोकळा ठेवला. इटलीत तेल नव्हते. म्हणजे जी एक वस्तू तोडली असती तर रणगाडे थांबले असते, तीच तेवढी सोडली. मे १९३६ मध्ये आदिस अबाबा पडले आणि जुलैत निर्बंध उठविण्यात आले. खनिजसंपन्न नसलेला देशही छोटे युद्ध उरकू शकतो. आवश्यक तेवढे दार कोणी उघडे ठेवले की झाले.

दक्षिण आफ्रिकेचे प्रकरण वेगळ्या कारणासाठी बोधप्रद आहे. त्या काळी जगात सर्वांत जास्त सोने त्याच देशात निघे. तेल नव्हते, तर कोळशापासून तेल काढण्याचे प्रचंड कारखाने सासोल या कंपनीने उभारले. सुरक्षा परिषदेने १९७७ साली शस्त्रबंदी सक्तीची केल्यावर तोफा, चिलखती गाड्या, दारूगोळा देशातच बनू लागला. त्यांच्या तोफा तर जगात नावाजल्या गेल्या. तरीही दोन ठिकाणी घोडे अडले. एक विमाने. १९८७-८८ मध्ये अंगोलातील क्वितो क्वानावाले परिसरात लढाई जुंपली, तेव्हा क्यूबाच्या मिग-२३ विमानांपुढे दक्षिण आफ्रिकेची मिराज विमाने अपुरी ठरू लागली, आणि पडलेल्या विमानाच्या जागी नवे आणण्याची सोय नव्हती. दुसरे म्हणजे कर्ज. १९८५ साली न्यूयॉर्कच्या चेस मॅनहटन बँकेने अल्पमुदतीच्या कर्जांचे नूतनीकरण नाकारले. इतर बँकांनी तिचा कित्ता गिरविला. सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेला परतफेड थांबवावी लागली. हा निर्णय कोणत्याही सरकारचा नव्हता. बँकांनी आपला पैसा बुडेल या भीतीने तो घेतला. डिसेंबर १९८८ मध्ये अंगोला व नामिबियाविषयी करार झाला आणि मार्च १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाले. सोन्याच्या खाणींत सोने शिल्लक होते.

तेलसंपन्न इराणने इराकशी १९८० ते १९८८ अशी आठ वर्षे झुंज दिली. शहाच्या काळात अमेरिकेकडून घेतलेली ७९ एफ-१४ विमाने होती, पण क्रांतीनंतर त्यांचे सुटे भाग अमेरिका देईना. एका विमानाचे भाग काढून दुसरे उडवावे लागे. इराणला सर्वांत मोठा घाव निर्बंधांनी घातला असे मला वाटत नाही. तो १९८६ सालच्या तेलबाजाराने घातला. त्या वर्षी भाव निम्म्याहून खाली आले. जुलै १९८८ मध्ये आयातोल्ला खोमेनी यांनी युद्धबंदी स्वीकारली, ती विषाचा प्याला पिण्यासारखी आहे असे सांगून. एकाच मालावर जगणाऱ्या देशाच्या बाबतीत त्या मालाचा भाव हा सुरक्षा परिषदेच्या ठरावाहून अधिक बोलतो.

आता रशिया. आकाराच्या दृष्टीने वरील कोणत्याही देशाशी त्याची तुलना होऊ शकत नाही. तेल, वायू, कोळसा, गहू, खते, निकेल, ॲल्युमिनियम, युरेनियम असे सारे तेथे आहे. तेल तर निर्यातीचेही आहे आणि रणगाड्यांचेही. शस्त्रनिर्मितीचे कारखाने सोव्हिएत काळापासूनचे आहेत. फेब्रुवारी २०२२ नंतर पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठविली. ती एकूण गंगाजळीच्या जवळजवळ निम्मी होती. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने एप्रिल २०२२ मध्ये रशियाची अर्थव्यवस्था त्या वर्षी साडेआठ टक्क्यांनी आकुंचित होईल असे भाकीत केले. प्रत्यक्षात घट एक टक्क्याच्या थोडी वर राहिली, आणि २०२३ व २०२४ मध्ये अर्थव्यवस्था चार टक्क्यांच्या आसपास वाढली. विल्सन यांच्या आठवड्यांची आठवण यावी असाच हा प्रकार.

कारणे परिचित आहेत. युरोपने समुद्रमार्गे येणाऱ्या रशियन कच्च्या तेलावर बंदी घातली ती ५ डिसेंबर २०२२ पासून, म्हणजे युद्ध सुरू झाल्यानंतर नऊ महिन्यांनी. आणि त्या महिन्यांत तेलाचे भाव चढलेले होते. बंदी आल्यावरही तेल जगाच्या बाजारातून काढून घ्यावे असा पाश्चात्त्यांचा हेतू नव्हता. तसे केले असते तर त्यांच्याच देशांत महागाईचा भडका उडाला असता. म्हणून ६० डॉलरची कमाल किंमत ठरविण्याची युक्ती काढण्यात आली. क्रोमची गोष्ट येथे मोठ्या प्रमाणावर पुन्हा दिसते: ज्या मालावाचून जगाचे अडते तो माल अडविणाऱ्यालाच अडवावयास नको असतो. जुनाट टँकरांचा एक ताफा उभा राहिला. चीन आणि भारत हे मोठे गिऱ्हाईक झाले. युद्धापूर्वी भारताच्या तेलआयातीत रशियाचा वाटा सुमारे दोन टक्के होता. दोन वर्षांत तो एक-तृतीयांशाच्या वर गेला.

परंतु विकणे म्हणजे मोबदला मिळणे नव्हे. याचा दाखला गोव्यातच मिळाला. मे २०२३ मध्ये बाणावली येथे शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक भरली, तेव्हा रशियाचे मंत्री सर्गेई लाव्हरोव्ह यांनी पत्रकारांना सांगितले की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साचून पडले आहेत आणि त्यांचे काय करावे हा प्रश्न आहे. रशिया भारताला तेल पुष्कळ विकतो; भारताकडून घेण्याजोगे त्याला फारसे काही नाही. जे हवे आहे, म्हणजे सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक भाग, यंत्रे, ड्रोनचे सुटे भाग, ते चीनकडे आहे, आणि चीन आपल्या अटींवर देतो. रशियातील मोटारबाजाराचेच पाहा. २०२२ मध्ये तेथील मोटारींचे उत्पादन एक-तृतीयांशावर घसरले. लाडा गाड्या काही काळ एअरबॅगांवाचून बाहेर पडल्या. पुढच्याच वर्षी नव्या गाड्यांच्या विक्रीत निम्म्याहून अधिक वाटा चिनी बनावटीच्या गाड्यांचा झाला. तोफगोळे उत्तर कोरियातून आले, ड्रोनचे तंत्र इराणकडून. ऱ्होडेशियाचे दार एकच उरले होते. रशियाची दारे अनेक आहेत, पण त्यांतील सर्वांत रुंद दाराची किल्ली बीजिंगमध्ये आहे. फोर्स्टर यांनी जे केले तसे चीन करील असे मी म्हणत नाही. तशी चिन्हे २०२५ अखेरपर्यंत तरी दिसली नव्हती. शेजाऱ्याच्या हाती काय आहे एवढेच नोंदवितो.

नैसर्गिक वायूचे दुखणे आणखी वेगळे. तेल जहाजात घालून कोठेही नेता येते. वायू मुख्यत्वे नळातून जातो, आणि रशियाचे बहुतेक नळ पश्चिमेकडे जाणारे होते. युरोपचा बाजार हातचा गेल्यावर तो वायू दुसरीकडे वळविणे शक्य नव्हते. गाझप्रॉम या बलाढ्य कंपनीने २०२३ मध्ये सुमारे ६२९ अब्ज रुबलचा तोटा दाखविला, तिच्या जवळजवळ पाव शतकातील पहिला.

आणि माणसे. सप्टेंबर २०२२ मध्ये तीन लाख राखीव सैनिकांना बोलावण्यात आले, तेव्हा लाखो तरुण सीमा ओलांडून गेले. त्यानंतर सरकारने सक्तीऐवजी पैशाची वाट धरली. सैन्यात करारावर भरती होणाऱ्याला ऑगस्ट २०२४ पासून केंद्राकडून एकरकमी चार लाख रुबल, आणि वर प्रांतांची बक्षिसे. काही प्रांतांत ती रक्कम वीस लाखांच्या पुढे गेली. ही रक्कम कित्येक खेड्यांत अनेक वर्षांच्या मिळकतीएवढी आहे. ऱ्होडेशियाला हे जमले नसते. त्याच्याजवळ एवढी माणसेही नव्हती आणि एवढा पैसाही नव्हता. पण शस्त्रकारखाने आणि सैन्य दोघेही एकाच श्रमबाजारातून माणसे ओढू लागल्यावर बेरोजगारी अडीच टक्क्यांच्याही खाली गेली, मजुरी वाढली, तिच्या पाठोपाठ भाव वाढले. मध्यवर्ती बँकेला ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्क्यांवर न्यावा लागला. शस्त्रांचे कारखाने सरकारी ऑर्डरींवर चालतात, त्यांना व्याजाची फिकीर नाही. घरबांधणी, खाणी, रेल्वे, शेतीची यंत्रे यांना आहे. २१ टक्क्यांनी कर्ज काढून नवा कारखाना कोण घालील? वाढीचा जो आकडा २०२३ व २०२४ मध्ये दिसला, त्यात रणगाडे आणि तोफगोळे मोठ्या प्रमाणात होते, आणि रणगाडा तयार होऊन आघाडीवर गेला की अर्थव्यवस्थेला त्याचा पुढे उपयोग नाही. २०२५ साली ही वाढ एक टक्क्याच्या आसपास आली.

त्याच वर्षी तेलाचे भाव उतरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने रोसनेफ्ट व ल्युकॉइल या दोन सर्वांत मोठ्या तेलकंपन्यांवर निर्बंध घातले, तेव्हा रशियन तेलावर गिऱ्हाईक मागत असलेली सूट पुन्हा रुंदावली. तेल व वायूपासूनचे केंद्रीय उत्पन्न आदल्या वर्षाच्या मानाने सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. संरक्षणखर्च अर्थसंकल्पाच्या जवळजवळ एक-तृतीयांश होता. राष्ट्रीय कल्याण निधी म्हणून जी तेलाची शिल्लक चांगल्या दिवसांत बाजूला टाकली होती, तिचा सहज मोडता येण्याजोगा भाग युद्धापूर्वीच्या निम्म्याहूनही कमी उरला. म्हणून सरकार घरच्या खिशाकडे वळले: मूल्यवर्धित कर १ जानेवारी २०२६ पासून २० टक्क्यांवरून २२ टक्के करण्यात आला.

तेव्हा माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देतो, पण त्यापुढे लगेच ‘किती काळ?’ असे विचारतो. संपन्न देश निर्बंधांखाली युद्ध सुरू ठेवू शकतो. ऱ्होडेशियाने सात वर्षे तीव्र युद्ध चालविले, दक्षिण आफ्रिकेने अंगोलात बारा-तेरा वर्षे काढली, इराणने आठ. त्यांपैकी कोणाचीही खाण वा विहीर युद्धामुळे आटली नव्हती. ऱ्होडेशियात आधी शेजारी फिरला आणि मग माणसे गेली, दक्षिण आफ्रिकेत विमाने आणि सावकार, इराणात भाव. रशियाच्या वहीतील या रकान्यांपैकी माणसांचा रकाना पैशाने भरला जातो, पैशाचा तेलाने, आणि तेलाचा भाव मॉस्कोत ठरत नाही. जानेवारी २०२६ मध्ये दुकानात एखादा कोट किंवा दुधाची किटली घेणाऱ्या रशियन गृहिणीने वाढीव दोन टक्के मोजले, ते त्याच वहीत जमा झाले.